दोष मशीनचा, बोल गिऱ्हाइकाला

कापडाच्या धंद्यात एक जुना रिवाज आहे. तागा उलगडताना धागा तुटलेला दिसला किंवा रंगाचा डाग निघाला, तर व्यापारी तो माल बाजूला काढतो आणि 'सेकंड' म्हणून कमी भावाने विकतो. ऐब सांगून विकलेल्या मालाबद्दल सहसा कोणी भांडायला येत नाही. भांडण होते ते ऐब झाकून विकल्यावर. संगणकाच्या बाजारात हा रिवाज अजून रुजलेला नाही, असे आमचे मत आहे आणि ते पदरचे नुकसान सोसून बनलेले आहे.

२००४ साली आम्ही दुकानाच्या हिशोबासाठी असेम्बल केलेला संगणक घेतला. त्याआधी सारा हिशोब वहीत, तोही उर्दूत. त्यामुळे मुनीमसुद्धा उर्दू जाणणाराच शोधावा लागे. दीड वर्ष मशीन छान चालले. पुढे ऐन कामाच्या वेळी ते आपोआप बंद पडू लागले. विकणारा म्हणाला, "तुमच्याकडची लाइट खराब आहे." यंत्रमागाच्या गावात वीज कशी असते ते आम्हाला ठाऊक, म्हणून पटले. यूपीएस घेतला. तरी तेच रडगाणे. मग तो म्हणाला, "तुमचा पोरगा मशीन नीट बंद करत नाही, गेम खेळत असेल." हेही आम्हाला पटले, याची आज लाज वाटते. हिशोब भरणारा मुलगा विशीतला, हुशार आणि कमी बोलणारा होता. लगीनसराईच्या तोंडावर मशीन पुन्हा बंद पडले आणि उधारीची फाइल खराब झाली. आम्ही त्याला चार गिऱ्हाइकांसमोर नको ते बोललो. दुसऱ्या दिवसापासून त्याने येणे सोडले.

महिनाभराने एका वेगळ्याच कारागिराने झाकण काढून आत टॉर्च मारला. प्रोसेसरच्या शेजारी बोटाच्या पेरापेक्षा लहान अशा गोल डब्या ओळीने उभ्या होत्या. त्यांना कपॅसिटर म्हणतात. विजेचे बारीक चढउतार शोषून प्रोसेसरला एकसारखी वीज पोचवणे हे त्यांचे काम. चांगल्या डबीचे डोके सपाट असते. आमच्या पाचांपैकी तीन डब्या फुगल्या होत्या आणि एकीच्या डोक्यावर तपकिरी रस पाझरून वाळला होता. कारागिराने लाइटला दोष दिला नाही आणि पोरालाही नाही.

हा दोष एकट्या आमच्या नशिबी नव्हता. साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभर असे कपॅसिटर फुगले. त्यांतले बरेचसे तैवानचे होते. या डबीत ॲल्युमिनियमची पट्टी एका द्रावणात बुडालेली असते. द्रावणात पाणी असते आणि ते ॲल्युमिनियमला खाऊ नये म्हणून काही द्रव्ये मिसळावी लागतात. ती नीट पडली नाहीत की पाण्याची धातूशी क्रिया होते, हायड्रोजन वायू तयार होतो आणि डबी फुगते. रंग पक्का न करता रंगवलेल्या कापडासारखेच हे: दुकानात झळकते आणि धुण्यात उघडे पडते. फरक एवढाच की कापड पहिल्याच धुण्यात बोलते, कपॅसिटर मात्र वर्ष-दोन वर्षे गप्प राहतो. तोवर वॉरंटी संपलेली असते.

असेम्बल माल घेतला म्हणून असे झाले, असे कोणी म्हणेल. पण डेलसारख्या बड्या अमेरिकन कंपनीच्या ऑप्टिप्लेक्स संगणकांतही असेच कपॅसिटर निघाले. २००५ साली कंपनीने त्यासाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढले. पुढे एका खटल्यातील कागदपत्रे खुली झाली आणि २०१० साली न्यूयॉर्क टाइम्सने छापले की मे २००३ ते जुलै २००५ या काळात कंपनीने धोक्यातले किमान १ कोटी १८ लाख संगणक विकले होते. त्याच बातमीत टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागाचा किस्सा आहे. तिथले संगणक बंद पडू लागले, तेव्हा कंपनीने कारण दिले की विभागाने मशीनवर फार अवघड गणिते करून त्यांच्यावर ताण आणला! गणिताच्या प्रोफेसरांची ही गत, तिथे आमच्या पोराची काय कथा?

१९९४ साली इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराची चूक सापडली, तेव्हा ज्याला खरी गरज आहे त्यालाच बदलून देऊ, अशी कंपनीची भूमिका होती. ओरड झाल्यावर डिसेंबरात सर्वांना बदलून देण्याचे जाहीर झाले आणि खर्च ४७ कोटी ५० लाख डॉलर दाखवला गेला. २०२४ साली त्याच कंपनीचे १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजने बिघडू लागले, तेव्हा वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. चूक कोणाकडूनही होते. ती लवकर कबूल करणाऱ्याशी धंदा करावा, एवढेच आम्ही पाहतो.

व्यापारी बंधूंनी कायद्याची एक बाजू ध्यानात घ्यावी. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात सदोष मालाची जबाबदारी उत्पादकावर आणि विक्रेत्यावरही टाकली आहे. पण व्यापारी कामासाठी वस्तू घेणारा त्यात 'ग्राहक' धरला जात नाही. केवळ स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्याला सूट आहे. १९३०च्या माल विक्री कायद्याचे कलम १६ मात्र आपल्या कामाचे आहे. माल कशासाठी हवा हे सांगून, त्या मालाचा धंदा करणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून घेतला असेल, तर तो त्या कामाला लायक असलाच पाहिजे. नाव घेऊन अमुकच ब्रँड मागितला, तर लायकीची ही हमी राहत नाही. म्हणून आम्ही आता बिलावरच लिहून घेतो: 'रोज दहा तास हिशोबाच्या कामासाठी', आणि खाली वॉरंटीची मुदत. दोन दुकानदारांनी असे लिहून द्यायला नकार दिला. तिसऱ्याने दिले, त्याच्याकडून घेतले.

त्या मुलाच्या घरी आम्ही जाऊन आलो. वडिलांनी चहा दिला; मुलगा बाहेर आला नाही. उधारीच्या किती रकमा बुडाल्या तेही सांगता येत नाही, कारण फाइलच उरली नाही. आता रोज संध्याकाळी हिशोबाची प्रत वेगळ्या डिस्कवर निघते, आणि उधारीची वही आम्ही पुन्हा हाताने, उर्दूतच लिहितो.