मनगटावरचे वळ

मैत्रिणींनो,

या आठवड्यात थंडीच्या दिवसांतल्या हातापायांच्या भेगांवर लिहायचं ठरवलं होतं. पण भंडारा जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेवावं लागलं. त्यांना उत्तर टपालाने लगेच धाडलं आहेच. पण हा प्रश्न उद्या कुणाच्याही घरात येऊ शकतो, म्हणून सगळ्यांसाठी इथेही लिहिते. त्यांचं नाव-गाव अर्थातच देत नाही.

त्या लिहितात, “ताई, माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. राईस मिलमध्ये कामाला जातो. दिवाळीनंतर गावच्या मंडईत नाटकाला बसायच्या जागेवरून पोरांची धक्काबुक्की झाली. पोलीस आले नि तिघांना हातकड्या घालून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी कोर्टातून जामिनावर सुटून आला. दोन्ही मनगटांभोवती लाल-निळे वळ होते. आज चौथा दिवस. वळ आता फिकट होत आहेत, पण उजव्या अंगठ्याची मागची बाजू बधिर झाली आहे. धानाची कापणी चालू आहे आणि त्याच्या हातून विळा सुटतो. शेजारी म्हणतात, ‘बेड्या घातल्या तं वळ येनारच नं, त्यात काय!’ सासूबाई म्हणतात, ‘कोनाले सांगू नोको, पोरीचं लगन व्हाचं हाय.’ मला एवढंच सांगा, असे वळ येणं साधारण आहे का?”

प्रश्न एका ओळीचा आहे, पण त्याला उत्तरं दोन आहेत. एक शरीराचं आणि एक कायद्याचं. दोन्हींची गल्लत झाली, की “त्यात काय!” म्हणून विषय मिटवला जातो.

आधी शरीराचं पाहू. कासाराकडे घट्ट बांगडी चढवताना हात कसा लालबुंद होतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. हातकडी तर लोखंडाची, आणि मनगटावर हाडाला लागून मांस थोडं. त्यामुळे मनगटाभोवती कड्यासारखी लाल रेघ उठणं, कधी दोन समांतर रेघा उठणं, कातडी थोडी सोलवटणं, हे होऊ शकतं. दात्यांची हातकडी एकाच दिशेने सरकते. तिचं दुसरं कुलूप लावलं नसेल, तर गाडीच्या हिसक्याने किंवा हात ओढल्याने ती आणखी आवळते. तेव्हा वळ दिसला म्हणजे मारलंच असेल, असंही लगेच म्हणू नये. नुसती लाल रेघ काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत जाते. रक्त साकळलेलं असेल तर ते आधी निळं-जांभळं, मग हिरवट, मग पिवळं होऊन साधारण दोन आठवड्यांत नाहीसं होतं.

पण बधिरपणा हा निराळा. अंगठ्याच्या मागच्या बाजूची संवेदना सांभाळणारी एक बारीक शीर, म्हणजे नस, मनगटाजवळ अगदी कातडीखालून जाते. घट्ट हातकडीने ती दबते. बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आराम पडतो. पण घरी बसून वाट पाहू नये, डॉक्टरांना दाखवावं. बोटं पांढरी, निळी वा गार पडली, हात वळेना, किंवा जखमेत पू झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर कळ येत असेल तर एक्स-रे काढून घ्यावा. तिथलं लहानसं हाड मोडलं तर वरून काही दिसत नाही. मधुमेह असलेल्यांनी आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर अजिबात अंगावर काढू नये.

आणि हे नीट लक्षात ठेवा: हातकडीचा वळ मनगटाभोवती असतो. तळपायावर, पाठीवर, मांडीवर वळ असतील, तर ते हातकडीने आले असं कुणी सांगितलं तरी पटवून घेऊ नका.

आता कायद्याचं. लाल रेघ उठणं शरीराला साधारण असेलही. पण हातकडी घालणं हीच गोष्ट कायद्याने साधारण धरलेली नाही. तिहार तुरुंगातल्या प्रेमशंकर शुक्ला नावाच्या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना तार केली होती, की कोर्टात नेताना मला हातकड्या घालतात. त्या तारेवरून खटला उभा राहिला. 1980 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालात सांगितलं, की सरसकट हातकडी घालणं अमानुष आहे. कैदी पळून जाईल अशी खरोखर भीती असेल आणि दुसरा इलाज नसेल तरच ती घालावी, आणि कारण लेखी नोंदवावं. 1995 साली आसामच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीची अट अधिक कडक केली.

आपल्या महाराष्ट्रातलंही उदाहरण आहे. सोलापुरात खुनाच्या आरोपातल्या एका कच्च्या कैद्याला हातकड्या घालून, दोरीने बांधून, भर रस्त्याने फिरवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला दहा हजार रुपये भरपाई देवविली. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. फक्त रक्कम अधिकाऱ्याने न भरता सरकारने भरावी, असं सांगितलं. पाहा, आरोप खुनाचा होता, तरी माणसाची धिंड काढता येत नाही, हे कोर्टाने मानलं. मग नाटकाच्या जागेवरून झालेल्या धक्काबुक्कीचं काय बोलावं?

1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 43 मध्ये हातकडीचा उल्लेख प्रथमच आला. सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, किंवा खून, बलात्कार, अ‍ॅसिड हल्ला, दहशतवादी कृत्य, अमली पदार्थ, बेकायदा शस्त्र यांसारख्या गंभीर गुन्ह्यांतला आरोपी असेल, तर गुन्ह्याचं स्वरूप पाहून पोलीस हातकडी वापरू शकतात. “शकतात”, बरं का. घातलीच पाहिजे असं नाही. साधी धक्काबुक्की त्या यादीत नाही. आणि पळून जाऊ नये यासाठी लागेल त्यापेक्षा जास्त जखडू नये, हे कलम 46 मध्ये सगळ्यांसाठीच सांगितलं आहे.

याच कायद्याच्या कलम 53 प्रमाणे अटकेनंतर लवकरच सरकारी डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी. अंगावर जखमा किंवा मारहाणीच्या खुणा असतील, तर त्या आणि त्या साधारण कधी झाल्या हे डॉक्टरांनी लिहायचं असतं, आणि त्या कागदाची प्रत अटक झालेल्या माणसाला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला द्यायची असते. बाई असेल तर तपासणी बाई डॉक्टरनेच किंवा तिच्या देखरेखीखाली करायची. शिवाय डी. के. बसू खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की अटक झालेल्याने मागणी केली तर लहानमोठ्या सगळ्या जखमांची नोंद करून तिच्यावर त्याची आणि पोलिसाची सही घ्यावी. ही नोंद प्रामाणिक पोलिसाच्याही हिताचीच आहे.

म्हणजे त्या भगिनीच्या मुलाच्या वेळी हा कागद व्हायला हवा होता. त्या पुढे लिहितात, की कोर्टात साहेबांनी “काही तक्रार आहे का?” म्हणून विचारलं, पण शेजारी शिपाई उभा होता, म्हणून पोरगा मान हलवून गप्प राहिला. त्याला दोष देऊ नका. बाविसाव्या वर्षी अशा जागी भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते. पण तेव्हा गप्प राहिला म्हणून पुढचं दार बंद झालं, असं नाही.

आता करायचं काय, ते क्रमाने सांगते.

पहिलं, आंबेहळदीचा लेप थोडा थांबवा. माया म्हणून आपण लगेच हळद लावतो, पण तिच्या रंगाखाली वळाचा रंग झाकला जातो. डॉक्टरांनी पाहीपर्यंत स्वच्छ पाणी, आणि सूज असेल तर गार पाण्याची घडी, एवढंच पुरे. कातडी फाटली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. चोळू मात्र नका.

दुसरं, उजेडात दोन्ही मनगटांचे फोटो काढा, पुढून आणि मागून, तारखेसह. रोज एक काढलात तर उत्तम.

तिसरं, सरकारी दवाखान्यात जा आणि “हात दुखतो” एवढंच न सांगता कशाने झालं, कधी झालं, ते स्पष्ट सांगा. बधिरपणाही लिहायला लावा. कागदाची प्रत मागून घ्या.

चौथं, मुलाला शेजारी बसवून सगळं वहीत लिहून काढा: किती वाजता नेलं, हातकडी किती वेळ होती, सैल करा म्हटल्यावर काय उत्तर मिळालं, डॉक्टरकडे नेलं की नाही. आठवणही वळासारखीच फिकट होते.

पाचवं, वकिलामार्फत पुढच्या तारखेला हे सगळं दंडाधिकाऱ्यांपुढे अर्जाने मांडा. वकील परवडत नसेल तर भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना आणि कोठडीतल्या माणसांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. 15100 या क्रमांकावरही विचारता येतं. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल, तर घटनेपासून एक वर्षाच्या आत जावं लागतं.

राहिला सासूबाईंचा मुद्दा. मुलीच्या लग्नाची काळजी खोटी नाही. गावात बोलणारी तोंडं असतातच. पण मंडईत हातकड्या घालून नेलेलं सगळ्या गावाने पाहिलं आहे. ते लपवून लपणार नाही. नुसता आरोप म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे, हे तुमच्या हातातल्या कागदांमुळेच चार लोकांना सांगता येईल. सासूबाईंना शेजारी बसवून एकदा नातवाचा अंगठा हातात घ्यायला सांगा. सुटलेला विळा उद्या त्याच्या पायावर पडला, तर ते कोणाला सांगणार?

आणि पोराने खरंच आधी हात उचलला असेल, तर त्यालाही कान धरून सांगा. त्याचा निकाल कोर्ट देईल. पण त्याच्या चुकीची शिक्षा रस्त्यात हातकडीने द्यायची नसते, आणि आईने ती मुकाट्याने मान्यही करायची नसते.

त्या भगिनीच्या दुसऱ्या पत्राची मी वाट पाहते आहे. अंगठ्याला मुंग्या येऊ लागल्या म्हणून कळवलं, तर मला फार आनंद होईल. मुंग्या येणं हे शीर जागी होत असल्याचं लक्षण असू शकतं.

भेगांचं पुढच्या आठवड्यात नक्की.

तुमची,
ताई