डिस्कलाही ओहोटी हवी

हरिहरेश्वरला देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर ओहोटी असतानाच उतरायचं, हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही. भरतीचं पाणी खडकांवर चढलं की वाट संपते. मी याच गावात बसून लोकांचे सर्व्हर सांभाळतो. माझ्या धंद्यात मात्र फक्त भरतीच असते.

मे महिन्यातला शनिवार. किनाऱ्यावरच्या लॉजना बुकिंगची सेवा देणाऱ्या एका कंपनीचा सर्व्हर संध्याकाळी अडकला. डीएफ कमांड चालवली, तर डिस्क १०० टक्के भरलेली. डेटाबेसला लिहायला जागा नाही, त्यामुळे कुठली खोली रिकामी हे कुणालाच कळेना. वरून निरोप आला, ‘जागा वाढव आणि विषय संपव.’

वाढवणं सोपंच असतं. क्लाउडच्या पॅनेलवर आकडा दुप्पट करायचा, ग्रोपार्टने पार्टिशन ताणायचं, मग फाइलसिस्टिम ईएक्सटी-४ असेल तर रिसाइझ-टू-एफएस आणि एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-ग्रोएफएस. सर्व्हर बंदही करावा लागत नाही. मी वाढवली. पाहुणे बॅगा घेऊन दारात उभे असताना तत्त्वज्ञान सांगण्यात अर्थ नसतो.

सकाळी डीयू चालवून जागा कोण खातंय ते पाहिलं. थोडे लॉग होते. लॉगरोटेट नीट लावलं असतं तर ते आवरले असते. बाकी सगळा ढीग आधार कार्डांच्या फोटोंचा. चार वर्षांपूर्वी एक रात्र राहून गेलेल्या कुटुंबाचे चेहरे, पत्ते, जन्मतारखा तिथंच पडून. ते कुणाला लागत नव्हते आणि कुणी पुसलेही नव्हते. रात्री मी जागा केली ती या ढिगासाठी.

म्हणून माझं भांडण ‘स्टोरेज स्वस्त आहे’ या वाक्याशी आहे. स्वस्त कुणाला? बिल दर महिन्याला येतं, बॅकअपही तेवढाच फुगतो. शिवाय हा रस्ता एकेरी आहे. मोठ्या क्लाउड कंपन्या डिस्क वाढवू देतात, लहान करू देत नाहीत. एक्सएफएसही व्यवहारात आकसत नाही. मागे फिरायचं तर नवी छोटी डिस्क घेऊन सगळा संसार हलवा. आणि उद्या सर्व्हर फुटला, तर किंमत मोजणार तो पाहुणा, ज्याला आपला फोटो अजून तिथं आहे हेच ठाऊक नाही.

‘पण पोलिसांनी मागितलं तर?’ रास्त प्रश्न आहे. मग किती दिवस ठेवायचं ते ठरवा, लिहून ठेवा आणि त्या तारखेला पुसा. काम संपलं की वैयक्तिक माहिती पुसावी, हे तत्त्व २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही आहे. ‘असू दे, लागेल कधीतरी’ हे धोरण नव्हे, आळस आहे. आणि तो आळस आम्हीच, कमांड येणाऱ्यांनी, सोयीचा करून ठेवलाय.

कंपनीला मी हे सगळं सविस्तर लिहून कळवलं. उत्तर एका ओळीचं आलं: ‘डिस्क आता अर्धी रिकामी आहे ना?’

तुम्ही सुट्टीत इकडे याल, काउंटरवर कुणीतरी तुमच्या आधारचा फोटो काढेल. शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार द्या. आणि विचारा, हा फोटो पुसणार कधी?