गणित रक्तात नसते, सरावात असते

पालकसभेत आम्ही एक वाक्य वारंवार ऐकतो : ‘गुरुजी, आमच्या घराण्यात कुणाला गणित जमले नाही, पोराला कसे जमणार?’ बुद्धी जन्माने ठरते, या विचाराशीच बाबासाहेब आयुष्यभर झगडले. तो आपल्याच मुखातून मुलाच्या कानी पडावा, याहून मोठी हानी नाही.

सुभेदार रामजी परळच्या चाळीत एका खोलीत राहत. भिवाला अभ्यासासाठी रात्री दोन वाजता उठवीत. पुस्तकांसाठी प्रसंगी लेकीचा दागिना गहाण ठेवीत. १९०७ साली भिवा मॅट्रिक झाला.

सुभेदारांइतके शिक्षण प्रत्येक पालकाजवळ नसेल. वेळ आणि विश्वास मात्र प्रत्येकाला देता येतो. मूल सुट्टीत घरी आले की गुण विचारण्याआधी म्हणावे, ‘हे उदाहरण मला समजावून सांग.’ समजावताना त्याचेच ज्ञान पक्के होते. चूक झाल्यास रागावू नये. ती त्यालाच शोधू द्यावी. आठवडी बाजार, मजुरीचा हिशेब, बचतगटाच्या कर्जाचे व्याज त्याच्याकडे सोपवावे. सावकाराची वही वाचता येत नव्हती, म्हणून आपल्या आजोबांनी तिच्यावर मुकाट्याने अंगठे उमटवले. नातवंडांना ती तपासता आली पाहिजे.

येत्या सुट्टीपासून पालकांनी एवढे अवश्य करावे, ही आमची कळकळीची विनंती.