ठासणीची बंदूक महाग का? ‘जुने ते स्वस्त’ या समजाची उलटतपासणी

१/ शस्त्रांच्या इतिहासाकडे वळणाऱ्या अनेकांच्या मनात एक सरळ शिडी असते : आधी तोड्याची बंदूक, मग चकमकीची, मग टोपीची आणि शेवटी काडतुसाची. वरच्या पायरीवरचे हत्यार महाग आणि खालचे स्वस्त, हेही ओघानेच गृहीत धरले जाते. अमेरिकेतील आजचा बाजार मात्र याच्या उलट साक्ष देतो. तेथे नव्याने घडवलेली ठासणीची रायफल पुष्कळदा आधुनिक काडतुसी रायफलीहून महाग पडते. त्याची कारणमीमांसा या धाग्यात.

२/ प्रथम भेद स्पष्ट असावा. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी घालून दोन्ही गजाने ठासतात. सेंटरफायर रायफलीत दारू, गोळी आणि बुडाच्या मध्यभागी बसवलेली टोपी हे सारे एकाच पितळी काडतुसात असते आणि ते मागून भरले जाते. कोकणात पिकांची राखण करणाऱ्याच्या घरी दिसणारी परवान्याची ठासणीची बंदूक हे साध्या माणसाचे हत्यार. म्हणून मराठी वाचकाला तिची अमेरिकेतील किंमत अधिकच चकित करते.

३/ एके काळी शिडी खरी होती. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या सैन्याची मुख्य रायफल होती स्प्रिंगफील्ड १८६१, ठासणीची. खासगी कारखानदारांना सरकार तिच्यासाठी सुमारे २० डॉलर देई. मागून भरावयाची, सात काडतुसांची स्पेन्सर रायफल मात्र ४० डॉलरच्या आसपास पडे. म्हणजे नवे तंत्र जवळजवळ दुप्पट महाग होते.

४/ आता दीडशे वर्षांनंतरचे चित्र पाहू. २०१२ मध्ये रुगर कंपनीने ‘अमेरिकन’ नावाची काडतुसी रायफल ४४९ डॉलर या जाहीर किमतीला बाजारात आणली. २०१४ मध्ये रेमिंग्टनने आपल्या प्रसिद्ध ‘७००’ रायफलीच्या धर्तीवर ठासणीची रायफल काढली. तिची किंमत सुमारे १००० डॉलर होती. इटलीत घडणाऱ्या चकमकीच्या चांगल्या प्रतिकृतीही हजार डॉलरच्या पुढे जातात.

५/ पहिले कारण संख्या. स्प्रिंगफील्ड स्वस्त होती, कारण ती लाखोंनी बनत होती. तिचे सुटे भाग एकसारखे होते आणि साचे, यंत्रे व कामगार यांवरचा खर्च लाखो नगांत वाटला जात होता. आज ते स्थान काडतुसी रायफलीचे आहे. ती जगभर आणि वर्षभर खपते. ठासणीच्या रायफलीचे गिऱ्हाईक थोडे आणि बहुतांशी हंगामी. खर्च तोच, पण तो वाटून घेणारे नग कमी.

६/ सर्वच ठासणीच्या रायफली महाग असतात असे मात्र नाही. दोन-तीनशे डॉलरच्या साध्या रायफलीही मिळतात. तेव्हा केवळ संख्येने सारे उलगडत नाही. महाग रायफलींचे दोन वेगळे वर्ग पडतात आणि त्यांच्या महागाईची कारणेही वेगळी आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांची गल्लत करू नये.

७/ पहिला वर्ग कारागिरीचा. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी ज्या पोलादी पात्यावर आदळते, त्याला नेमके पाणी द्यावे लागते. पाते मऊ राहिले तर ठिणगी पडत नाही, फार कडक झाले तर ते तडकते. कमानींचा ताण जुळवावा लागतो. पेनसिल्व्हेनियाच्या लांब रायफलीचा लाकडी दस्ता थेट नळीच्या तोंडापर्यंत जातो आणि नळी व कळ त्यात कोरून बसवावी लागते. हे काम यंत्राने अर्धेच होते.

८/ १९६९ च्या एका माहितीपटात व्हर्जिनियातील कलोनिअल विल्यम्सबर्ग येथील बंदूककार वॉलेस गस्लर लोखंडाच्या पट्टीपासून नळी घडवत संपूर्ण रायफल हाताने तयार करताना दिसतात. लोहार, सुतार, ओतारी आणि नक्षीकार या चौघांचे काम एकाच माणसाच्या हातून होते. अशा रायफलीची किंमत म्हणजे मुख्यतः त्या तासांची मजुरी. इटलीतील गार्दोने व्हाल त्रोंपिया येथे १९५७ पासून पेदेर्सोली ही कंपनी यंत्राच्या साहाय्याने प्रतिकृती घडवते; तरीही जुळवणीला हात लागतोच.

९/ दुसरा वर्ग कायद्याने जन्माला घातला. अमेरिकेतील अनेक राज्यांत हरणांच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र हंगाम असतो. पेनसिल्व्हेनियाने १९७४ मध्ये केवळ चकमकीच्या बंदुकीसाठी असा हंगाम सुरू केला. एकच बार, मग पुन्हा भरण्याचा खटाटोप. म्हणून शिकाऱ्याला जास्तीचे दिवस, असा हा व्यवहार होता.

१०/ शिकाऱ्यांना दिवस हवे होते, खटाटोप नको होता. १९८५ मध्ये मिसुरीच्या टोनी नाइट यांनी ‘एमके-८५’ ही रायफल आणली. तिच्यात टोपी नळीच्या थेट मागे, एका रेषेत बसते. बार हमखास उडतो आणि सफाईही सोपी. पुढे दुर्बिणी आल्या, दारूच्या तयार वड्या आल्या, अधिक दाब सोसणाऱ्या नळ्या आल्या. रेमिंग्टनची २०१४ ची रायफल याच वाटेवरची : दिसायला काडतुसी, भरायला मात्र तोंडाकडून.

११/ येथे किंमत कशाची मोजली जाते? ‘ठासणीची’ ही कायदेशीर व्याख्या सांभाळून काडतुसी रायफलीच्या जवळ पोहोचण्याची. स्वतःहून घातलेल्या अडथळ्याला वळसा घालण्याचा हा खर्च आहे. कारागिराच्या रायफलीची महागाई ज्ञान टिकवते. या दुसऱ्या रायफलीची महागाई त्याच ज्ञानाची गरज संपवते. दोन्हींवर ‘वारसा’ हे एकच लेबल लावणे इतिहासाशी प्रतारणा आहे.

१२/ यावर एक आक्षेप रास्त आहे. मिनीए गोळीही एके काळी नवीच होती. ठासणीच्या बंदुकीत सुधारणा होतच आल्या. मग १९८५ नंतरची सुधारणाच का खटकावी? ती मुळीच खटकू नये. शिकाऱ्याने हवी ती रायफल घ्यावी. प्रश्न सवलतीचा आहे. जुन्या कौशल्याच्या नावाने जास्तीचे दिवस द्यायचे, तर ते कौशल्य शिल्लक असावे. पेनसिल्व्हेनियातील नाताळनंतरचा हंगाम आजही चकमकीपुरता आहे. कोलोरॅडोच्या ठासणी हंगामात दुर्बीण आणि दारूच्या वड्या यांना मनाई आहे. नियम कसा लिहिला जातो, यावर कोणते ज्ञान जगते हे ठरते.

१३/ म्हणून शिडीची कल्पना सोडावी. वस्तूची किंमत तिच्या तंत्राचे वय सांगत नाही. ती किती जणांना लागते, कोण घडवते आणि कायदा तिला कोणत्या रकान्यात बसवतो, हे सांगते. गरज संपलेली वस्तू नष्ट होतेच असे नाही. कधी ती छंद होते, कधी सवलत होते.

१४/ पुढच्या वेळी संग्रहालयात काचेआड तोड्याची बंदूक दिसली, तर ‘किती जुनी?’ या प्रश्नापाशी थांबू नये. ही आज कोणाला घडवता येईल आणि त्याचे मोल कोण देईल, हेही विचारावे. तुमच्या भागात असे ज्ञान अद्याप जिवंत असेल, तर त्याची नोंद खाली अवश्य करा.