केसपेपर बाळाचा, तपासणी तिघांची

राधानगरी-गगनबावड्याकडून पहाटेच्या एसटीने कोल्हापुरात आलेले जोडपे आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. आई दुभंगलेल्या ओठाच्या बाळाचे तोंड पदराआड धरून बसते. तिला काही विचारण्याआधीच सासूबाई सांगतात, "गिऱ्हाणात भाजी चिरली हिनं, सांगून ऐकलं न्हाई." बाप पिशवी घेऊन दाराबाहेर उभा. आपण बाळ तपासतो, शस्त्रक्रियेचे ठरवतो. बापाच्या तोंडात टॉर्च मात्र कोणी मारत नाही.

१९७० साली फ्रेझर आणि पाशायन यांनी दुभंगलेल्या ओठाच्या मुलांच्या, पण स्वतःचे ओठ धड असलेल्या आईवडिलांचे चेहरे मोजले. त्यांची ठेवण इतरांहून वेगळी भरली. पुढे सेफॅलोमेट्रीच्या काही अभ्यासांत वरचा जबडा मागे असणे, चेहऱ्याचा वरचा भाग आखूड असणे, नाक रुंद असणे अशा नोंदी झाल्या. सगळे निष्कर्ष जुळत नाहीत. नुसत्या चेहरेपट्टीवरून कोणाचे भाकीत करता येत नाही, आणि परदेशी मापे आपल्या माणसांना जशीच्या तशी लावताही येत नाहीत.

पण काही खुणांना मोजपट्टी लागत नाही. खालच्या ओठावरचे दोन बारीक खळगे व्हॅन डर वूड सिंड्रोमची आठवण करून देतात. दुभंगलेली पडजीभ, मऊ टाळूच्या मधोमध निळसर पट्टा, कठीण टाळूच्या मागच्या कडेला बोटाला लागणारी खाच, या तोंडाच्या अस्तराखाली झाकलेल्या फटीच्या खुणा असतात. या खुणांनी आपला सल्लाच बदलतो. घराण्यात दुसरे कोणी नसेल आणि दोघेही धड असतील, तर पुढच्या बाळाचा धोका साधारण शंभरात ३ ते ५. बापाच्या ओठावर ते खळगे असतील, तर सदोष जनुक प्रत्येक बाळाकडे जाण्याची शक्यता निम्मी.

म्हणून विळीचा दोष उचलून बापाच्या माथी मारायचा, असे नव्हे. बहुतेक वेळा दोन्हीकडची अनेक जनुके आणि गर्भावस्थेतील परिस्थिती एकत्र येते. ओठ सातव्या आठवड्यापर्यंत सांधला जातो. तोवर कित्येकींना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. हे सासूबाईंच्या समोरच, त्यांना समजेल अशा शब्दांत सांगायला हवे.

केसपेपरवर दोन ओळी वाढवा: आईचा ओठ व टाळू, वडिलांचा ओठ व टाळू. संमतीने समोरून आणि बाजूने एकेक फोटो. एवढ्यासाठी आईवडिलांचा क्ष-किरण नको; टॉर्च आणि हातमोज्यातले बोट पुरे. आणि तपासणीला सुरुवात करण्याआधी दाराबाहेरच्या त्या बापाला आत बोलवा.