बळीबा पाटलास घरी आणा

पिंपळे गुरवच्या शिवारात पूर्वी पिके उभी असत, तेथे आज इमारती उभ्या आहेत. जमिनीचा पैसा आला. पण पणजोबाने दुष्काळ कसा काढला, हे घरात कोण सांगतो? ते सांगणारे पुस्तक येथून थोड्याच कोसांवर, भांबुर्ड्याच्या, म्हणजे हल्लीच्या शिवाजीनगरच्या, मनुष्याने लिहून ठेवले आहे.

कृष्णराव भालेकर हे जोतीरावांचे सहकारी. 1877 साली 'दीनबंधु' पत्र त्यांनीच काढले. 1876 ते 78 चा भयंकर दुष्काळ त्यांच्या डोळ्यांदेखत झाला. त्यावर त्यांनी रचलेली 'बळीबा पाटील' ही कादंबरी 1888 साली 'दीनमित्र' मासिकातून येऊ लागली. पंडित मात्र ग्रामीण कादंबरीचा आरंभ 1903 च्या 'पिराजी पाटील'पासून मोजीत आले! पंधरा वर्षे आधीचा बळीबा त्यांस दिसला नाही. मासिकाची पाने फाटली की आतला माणूसही विसरला जातो.

1982 साली भालेकरांचे समग्र वाङ्मय निघाले, हे उपकारच झाले. परंतु जाड ग्रंथ अभ्यासकाच्या कपाटात राहतो. कुणब्याच्या, सुताराच्या घरी सुटी, स्वस्त, ठळक टाइपाची प्रत पाहिजे. भालेकर 1910 साली वारले. कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी मालकीहक्क संपतो. तेव्हा मूळ मजकूर छापण्यास कोणाचे पाय धरणे नको.

बंधूंनो, उत्सवाच्या वर्गणीतील थोडा पैसा इकडे वळवा. देवळाच्या ओट्यावर रोज एक प्रकरण मोठ्याने वाचा, बायामुलांस ऐकवा. आपले दुःख दुसऱ्याने छापावे आणि आपण वाट पहावी, हे किती दिवस चालणार?