डोळेझाक

कुत्र्याच्या शिक्षणावरून माणसाच्या शिक्षणाकडे वळणे काही वाचकांना अप्रस्तुत वाटेल. तरीही हे धाडस मी करणार आहे.

गेल्या सुट्टीत शिकारी कुत्र्यांना तयार करण्याविषयी काही वाचण्याचा योग आला. मला शिकारीची हौस नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातील दुरुस्ती यांमुळे आपल्याकडे शिकार बंद झाली, याचे मला समाधानच आहे. पण ब्रिटन-अमेरिकेत 'पॉइंटर' आणि 'सेटर' जातीच्या कुत्र्यांना ज्या रीतीने शिकवतात, ती मनात घर करून राहिली.

या कुत्र्याचे काम मोठे विलक्षण! तो वारा नाकावर घेत माळरान धुंडाळतो. गवतात दडलेल्या पक्ष्याचा वास येताच जागच्या जागी थिजतो. मान पुढे, शेपटी ताठ, कधी एक पाय अधांतरी. मालक येऊन पक्षी उठवीपर्यंत त्याने हलायचे नाही. वासाने थबकणे त्याच्या रक्तातच असते. शिकवावे लागते ते थबकून राहणे, म्हणजेच अंगातली सारी ओढ आवरून धरणे.

हे शिकवायचे कसे? जाणते लोक पिलाला आधी मोकळे हुंदडू देतात. पिलू पक्ष्यामागे धावते, पक्षी भुर्रकन उडून जातो. अशी चार-दोनदा फजिती झाली, की धावून काही हाती लागत नाही हे त्याला पक्षीच शिकवतो. मग गळपट्ट्याला वीस-तीस फुटांची दोरी येते, आणि 'थांब' या अर्थाचा एकच शब्द. तोही आधी अंगणात, पक्षी जवळपास नसताना. बंदुकीचा आवाजदेखील प्रथम दुरून ऐकवतात. घाई केली तर कुत्रा जन्मभर बंदुकीला भितो.

याहून वाईट खोड दुसरीच आहे. पक्ष्यापाशी चुकलेल्या पिलाला तिथेच बडवले, तर ते शिस्त शिकत नाही. पक्षी म्हणजे मार, एवढेच शिकते. पुढे वास आला तरी न आल्यासारखे करून ते बाजूने निघून जाते. इंग्रजीत या खोडीला 'ब्लिंकिंग' म्हणतात. आपण डोळेझाक म्हणू.

हे वाचले आणि मी दचकलो. कारण तो कुत्रा मी होतो! सातवीत असताना गणिताच्या तासाला मी एक प्रश्न विचारला. प्रश्न खुळा असेलही. वर्ग हसला, आणि माझ्या तळहातावर दोन छड्या बसल्या. त्या दिवसापासून उत्तर येत असले तरी मी खिडकीबाहेर पाहू लागलो. गुरुजींना वाटले, पोरगा सुधारला, गप्प बसू लागला. आजही वर्गात शंका आली की माझी नजर आपोआप वहीत जाते. मित्रहो, आपल्यापैकी कितीजण असे वहीत पाहत बसलेले असतात?

कोणी म्हणेल, मग काय नुसते लाड करायचे? मुळीच नाही. दोरी असतेच, आणि ती धरणारा हात ढिला नसतो. अर्धवट शिकलेले पिलू कोणी स्वैर सोडत नाही. प्रश्न शिस्त हवी की नको हा नाहीच. शिक्षेची आठवण कशाशी जोडली जाते, हा आहे. ती चुकीशी जोडली जावी, शोधाशी नव्हे.

हचिन्सन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८४८ साली या विषयावर पुस्तक लिहिले. त्याचे नाव 'डॉग ब्रेकिंग'. कुत्र्याला शिकवणे म्हणजे त्याला 'मोडणे', असाच त्या काळचा शब्दप्रयोग होता. आज तिकडेही 'ट्रेनिंग' हाच शब्द रूढ आहे. आपल्या 'शिकवणे' या शब्दात मोडणे कधीच नव्हते. आपल्या वर्गांत मात्र ते अजून पुरते गेलेले नाही.

कुत्रा बंदुकीच्या सेवेसाठी शिकतो, आपण स्वतःसाठी; हा फरक मला मान्य आहे. पण त्यामुळे माझा मुद्दा लंगडा न होता बळकटच होतो. मुक्या जनावराच्या नाकाला जे जपतात, त्यांच्याहून आपण माणसाच्या जिज्ञासेला कमी जपावे काय?

प्राध्यापक महाशयांना एवढीच विनंती, की आमचा प्रश्न चुकला तर दोरी जरूर ओढा. आणि मित्रांनो, शेजारच्याचा प्रश्न ऐकून हसू येईल, तेव्हा आपणही क्षणभर थबकून राहू या.